न फुटलेल्या काचा

आमच्या इमारतीचं काय करायचं हे ठरवायला आम्ही तीन भागीदार होतो आणि तिघांनाही अक्कल नव्हती. त्यातली तिसरी मी. पण हे मला फार उशिरा उमगलं. तोवर उरलेल्या दोघांवर मी मनसोक्त तोंडसुख घेतलं होतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही घेते.

इमारत म्हणजे अमरावतीतली आमची फुलांची अडत. आजोबांनी आणि त्यांच्या भावाने मळ्यातली फुलं विकायला बांधलेली. खाली एक लांबलचक हॉल, वर दोन खोल्या. चुन्यात बांधलेल्या विटा, हातभर जाड भिंती, सागाचे खांब, आणि ओटा बरोबर बैलगाडीच्या उंचीचा, म्हणजे टोपली गाडीतून सरकवली की थेट आत. पुढे लिलाव नव्या बाजारात गेला, आमच्या मळ्यावर प्लॉट पडले, घरातल्यांनी फुलं सोडून बाकी सगळे धंदे करून पाहिले. अडत हे नाव तेवढं राहिलं. आणि हॉलमध्ये हार करणाऱ्या दहा-बारा बाया राहिल्या.

त्या बाया पहाटे येत. उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून ओळीने बसत, पुढ्यात ओलं पोतं, पोत्यावर झेंडू, शेवंती, निशिगंध. मे महिन्यात अमरावतीत रस्त्यावर उभं राहिलं तर चपलेतून चटका लागतो, पण त्या हॉलमध्ये दुपारी दोन वाजता सुद्धा फूल मान टाकत नसे. बाहेर टिनाच्या शेडखाली बसणाऱ्यांचा माल दहालाच करपून जातो. या बायांचे हार मात्र मोझरीच्या बसमध्ये चढून तिथल्या आश्रमापर्यंत ताजे पोचत. मी स्वतः शनिवारी घेतलेला हार अकोल्याला घरी नेऊन रविवारी सकाळी देवाला घालत असे. तेव्हा त्या बायांचं पोट त्या भिंतींच्या गारव्यावर चाललं होतं, एवढं वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं. आम्ही भागीदारांनी ते कधी ठेवलं नाही.

बायांमधली सगळ्यात जुनी होती तिला आम्ही सगळे मावशी म्हणायचो. नात्याची नव्हे. हॉलची किल्ली तिच्या कमरेला असे आणि झाडलोट, पाणी मारणं, दिवाळीआधी चुना देणं हे सगळं तिच्याकडे. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण बोलता बोलता, डोळे दुसरीकडे असताना, तिच्या हाराची गाठ कधी चुकली नाही. ती मला ‘बाई’ म्हणे, कारण मी अकोल्याला शाळेत गणित शिकवत असे. रिटायर झाले तरी मी बाईच राहिले. समोर माणूस दिसला की आधी त्याची चूक शोधायची, ही खोड काही जात नाही. या खोडीपायी मी धारणीच्या जंगलात बदलीवर दोन वर्षं काढून आले आहे, कारण एका साहेबाची बेरीज मी भर बैठकीत दुरुस्त केली होती. साहेब चुकीची बेरीज घेऊन बढतीवर गेले आणि मी बरोबर बेरीज घेऊन जीपच्या टपावर बसले.

मग उत्तरेच्या भिंतीपलीकडच्या रस्त्यावरून उड्डाणपूल निघाला. म्हणजे आधी नुसता फलक निघाला, मग रस्ता अडवणारे पत्रे, मग पत्र्यांवर तंबाखूच्या खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या, आणि पुढे किती तरी दिवस तेवढंच. पूल कशासाठी, तर रस्त्यावरची गर्दी हटावी म्हणून. गर्दी कशाने झाली, तर पुलाच्या पत्र्यांनी. एका सकाळी अचानक एक अजस्र यंत्र आलं आणि खांबांच्या पायासाठी जमिनीत लोखंडी नळ ठोकू लागलं. एकेका ठोक्याला हॉलमधल्या टोपल्या जागच्या जागी सरकत. आठवडाभरात उत्तरेच्या भिंतीला, कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत, तिरपी भेग पडली.

पाठोपाठ पत्र आलं. इमारत जुनी असल्याचं निदर्शनास आलं आहे, ती पाडावी अथवा कसे याबाबत मालकांनी निर्णय घ्यावा, ठेवायची झाल्यास निरीक्षण करण्यात येईल. निदर्शनास कोणाच्या आलं आणि निरीक्षण कोण करणार, याचा त्या पत्रात पत्ता नव्हता. असली पत्रं लिहायची कुठे तरी शाळा असावी.

दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, पत्र वाचून आनंद झाला. त्याने तो लपवलाही नाही.

“पाडून टाकू,” तो म्हणाला. “मस्त काँप्लेक्स उभा करू. खाली दुकानं, वरते हापिसं.”

“अन् बाया कुठी बसतीन?”

“त्याइले देऊ नं एक कोपरा.”

त्याच्या मोबाइलमध्ये काँप्लेक्सचं चित्र तयारच होतं. समोरून सगळी काच, दारात अमरावतीत कोणी कधी न पाहिलेली झाडं, आणि सूट घातलेली चार गोरी माणसं आपसात हसत चाललेली. त्यात हारवालीला बसायला कोपरा कुठे आहे, असं मी विचारलं. दादाने चित्र बोटांनी मोठं करून पाहिलं आणि पार्किंगमधली एक काळी जागा दाखवली.

उरलेला भागीदार चुलतभाऊ. तो पुण्याला असतो आणि व्हिडिओ कॉलवर बोलतो. त्याला इमारत पाडायचा विचारसुद्धा सहन होत नव्हता. “हेरिटेज आहे रे ते! अशा वास्तू आता कुठे राहिल्यात?” असं तो म्हणे, आणि त्याच्या मागे त्याच्या सोसायटीच्या बाराव्या मजल्याची खिडकी दिसे. त्या वास्तूत तो शेवटचा आला होता कोणाच्या तरी लग्नाला, आणि संडास देशी आहे म्हणून लॉजवर उतरला होता. शिवाय त्याचं मत दर आठवड्याला बदले. दादाचा फोन जाऊन आला की तो काँप्लेक्सकडे झुके, माझा गेला की वारशाकडे. तेव्हा शेवटचा फोन माझा गेला की निकाल माझा, आणि ते मला फार आवडत होतं.

मी बायांसाठी भांडते आहे असं मी सगळ्यांना सांगत असे. ते खरंही होतं. पण दादाला हरवायचं हेही तितकंच खरं होतं. लहानपणी तो माझ्या पाटीवरचं पुसून स्वतःचं लिही, तेव्हापासूनचा तो हिशेब आहे.

निरीक्षणासाठी पुलाच्या कामावरचे एक तरुण इंजिनियर आले. हॉलमध्येही त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढलं नाही. शेवंतीच्या ढिगाजवळ जाताच त्यांना एकामागून एक सात-आठ शिंका आल्या. डोळे पुसत त्यांनी भेगेवर आडवी एक बोटभर रुंद काचेची पट्टी ठेवली आणि दोन्ही टोकं भिंतीला चिकटवून टाकली.

“काच ताणली जात नाही, मॅडम,” ते मला म्हणाले. “भिंत केसभर जरी सरकली तरी काच फुटणार. फुटली नाही, तर भिंत जागच्या जागी आहे. दर दोन आठवड्यांनी शनिवारी मी बघून जाईन. तीन-चार महिने ती टिकली, तर इमारत पाडायचं कारण नाही.”

मला हे फार पटलं. एवढी सरळ परीक्षा मी उभ्या जन्मात कोणत्या खात्याला घेताना पाहिली नव्हती. मावशीही बाजूला उभी राहून ऐकत होती. मग तिने साहेबांना चहा आणून दिला आणि माझी मान खाली गेली, कारण कपाला कान नव्हता आणि बशीला तडा होता. साहेबांनी तो कप दोन बोटांत कसाबसा धरला, फुंकर मारली आणि न पिताच खिडकीत ठेवून दिला.

ते गेल्यावर मी मावशीला चांगली झापली. “साहेब येतीन त्या दिवशी अठी काही फुटकंतुटकं दिसलं नाई पायजे. हॉल कसा आरशावानी लखलख पायजे. भितीले चुना मारा, जे मोडलं असन ते बदलवून ठेवा. आपलीच कळा अशी दिसली तं साहेब म्हनन, पाडाच एकदाची!”

“हो बाई,” ती म्हणाली.

हे मी कुठून शिकले होते ते सांगायला हवं. आमच्या शाळेत तपासणी असली की आठ दिवस आधी धडपड सुरू होई. फुटक्या फरशीवर सतरंजी, गळक्या वर्गाला कुलूप, ज्यांना पाढे येत नाहीत ती मुलं त्या दिवशी घरी. पहिल्या बाकावर चार हुशार बसवायचे आणि साहेबांचा रस्ता त्यांच्याच बाजूने आखायचा. हे मी बत्तीस वर्षं केलं. दरवेळी शेरा ‘समाधानकारक’ आला, आणि छत गळायचं ते गळतच राहिलं. आमच्याकडे तपासणी म्हणजे काय दिसू द्यायचं नाही ते ठरवणं. पण त्याची तेव्हा मला लाज वाटत नव्हती. मी त्याला शिस्त म्हणत होते.

त्यानंतर एका शनिवाराआड मी अकोल्याहून सकाळची गाडी धरून बडनेऱ्याला उतरत असे आणि ऑटोने अडतीवर जात असे. साहेबही येत. पण दारातूनच. नाकाला रुमाल, डोळ्यात पाणी. भेगेच्या पुढ्यात बायांच्या टोपल्या, ओली पोती. ती ओलांडायची म्हणजे बूट भिजणार. ते उंबऱ्यावर उभं राहून मोबाइलने काचेचा फोटो काढत, “हालचाल नाही” असं वहीत लिहीत आणि शिंकत शिंकत जीपमध्ये जाऊन बसत. काच दारातूनही झकास चमकत असे. ती नेहमीच अखंड असे.

मी काय सांगू माझा तोरा! दर फोटो मी घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकत असे. “ठोकणारे थकले, भिंत थकली नाही.” “आजोबांचा चुना आहे, कंत्राटदाराचं सिमेंट नव्हे.” पुण्याहून हात जोडलेली चित्रं येत. चुलतभाऊ आता पक्का वारशाकडे आला होता. दादा ग्रुपवर काही लिहीत नसे. एकदा फोन करून म्हणाला, “बाहेरून पाह्य नं तू. ओट्याची कोर खचून राहिली. कोंबडं झाकलं म्हनून तांबडं फुटाचं राहते का?”

“तुले तं काँप्लेक्स दिसून राहिला सगळीकडे,” मी म्हणाले. “साहेबापेक्षा तुले जास्त समजते का? काच कुठी फुटली दाखव.”

दादाने फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तो खरं बोलत होता, आणि मी त्याला पहिल्यांदा गप्प केलं.

त्या शनिवारांमधला एक मला नीट आठवतो. साहेब यायचे होते. मी कौतुकाने काचेवरून बोट फिरवलं, तर टोकाशी बोटाला पांढरं लागलं. ओलं होतं. मी मावशीकडे पाहिलं.

“हे ओलं कसं व?”

“साहेब येनार नं बाई. सगळं नीट करून ठेवलं.”

भिंतीला ताजा चुना मारलेला दिसत होता. भेगेची नुसती रेघ उरली होती, तीही पुसट. “शाब्बास,” मी म्हणाले आणि बोट रुमालाला पुसलं.

चौथ्या महिन्याच्या शेवटी निकालाची बैठक ठरली. पुलाच्या खात्याला आमचं उत्तर लेखी द्यायचं होतं. हॉलमध्येच सतरंजी टाकली. दादा आला, साहेब आले आणि दाराजवळची खुर्ची धरून बसले, चुलतभावाचा मोबाइल झेंडूच्या टोपलीला टेकवून ठेवला. त्यामुळे हेरिटेजवरचं त्याचं भाषण झेंडूतून येत होतं. बाया नेहमीप्रमाणे भिंतीशी हार ओवत होत्या. निकाल त्यांचा होता, पण सतरंजीवर बसायला कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. मीही नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले. वर्गात राहत असे तशी. म्हटलं, यंत्राने चार महिने ठोकलं, काच जशीच्या तशी. साहेबांच्या वहीत दर वेळी ‘हालचाल नाही’. आता ज्याला इमारत पाडायची असेल त्याने कारण सांगावं. दादाकडे पाहून म्हटलं, “चार महिन्यात एक काच फुटली नाई!”

मावशी कपांचा ट्रे घेऊन उभी होती. सगळे कप नवे, सगळ्यांना कान.

“नाई फुटली कशी, बाई?” ती हसून म्हणाली. “फुटते नं! पयली तं तिसऱ्याच दिवशी फुटली. पन म्या एकबी फुटकी राहू देली नाई.”

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिला वाटलं, कौतुकाने ऐकताहेत. तिने ट्रे खाली ठेवला आणि पुढे सांगितलं. “समोरच्या फोटोफ्रेमवाल्याजवळून पट्ट्या आनल्या. तो उरल्यासुरल्या फुकट देते. चुन्यात गुळाचं पानी टाकलं का मस्त चिकटते. फुटकी काच भितीवर बरी नाई, घरात अवदसा येते. अन् साहेब एवढ्या दुरून येतीन, त्याइच्यासमोर फुटकं कसं ठेवाचं?”

मग ती आतून बिस्किटांचा एक टिनाचा डबा घेऊन आली. “उकिरड्यावर नाई टाकल्या. गाईच्या पायाले लागते.” डब्यात काचेच्या पट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टी मधोमध, आडवी, सरळ दोन तुकडे झालेली. साहेबांनी त्या सतरंजीवर जोडीजोडीने मांडल्या. नऊ जोड्या झाल्या.

तेव्हा पहिल्यांदा साहेब टोपल्या ओलांडून भिंतीपर्यंत गेले. खिशातल्या किल्लीने त्यांनी भेगेवरचा चुना खरवडला. चुना सोलून खाली पडला आणि त्याच्या मागे जागा होती. त्यांची दोन बोटं सहज आत गेली. शिंक आली तरी त्यांनी बोटं काढली नाहीत.

“पहिली काच फुटली तेव्हाच कळलं असतं,” ते म्हणाले, “तर ठोकणारं यंत्र इथे बंद करता आलं असतं. फिरून भोक पाडणारं लावलं असतं. भिंतीला बाहेरून टेकू दिले असते. या भिंती चांगल्या होत्या, मॅडम. वाचल्या असत्या.” मग बायांकडे वळून म्हणाले, “उठा सगळ्या. सामान नंतर. आधी बाहेर या.”

मावशीच्या चेहऱ्यावरचं हसू कसं गेलं ते मी पाहिलं. एकदम गेलं नाही. ती एकेकाकडे पाहत होती आणि थोडं थोडं जात होतं.

“हे तुम्हाला कोणी करायला सांगितलं?” साहेबांनी तिला विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. मी चष्मा काढला आणि पदराने पुसू लागले.

“कोनी नाई, साहेब,” मावशी म्हणाली. “मलेच बरं नाई वाटलं.”

“अडानी बाई हाये, साहेब,” दादा म्हणाला. “तिले काय समजते यातलं.”

आणि मी मान हलवली. होय म्हणून.

साहेबांचीही चूक होतीच. चार महिने दारातून फोटो काढणाऱ्याला कोणी अडाणी म्हटलं नाही. त्यांनी वहीचं ते पान उलटून नव्या पानावर लिहिलं. चुलतभाऊ झेंडूतून “काय झालं? आवाज येत नाहीये,” असं विचारत राहिला, आणि शेवटी कोणी तरी त्याला बंद केलं.

पाडायचं पत्र मीच लिहिलं, कारण माझं अक्षर चांगलं आहे. तिघांच्या सह्या झाल्या. ज्या यंत्रांनी पूल बांधायचा त्यातल्याच एकाने दोन दिवसांत अडत जमीनदोस्त केली. पश्चिमेची भिंत लवकर पडेना. तिला तीन वेळा धडका द्याव्या लागल्या. बघायला आलेली माणसं मोबाइलवर चित्रण करत होती आणि ती भिंत उभी राहिली की टाळ्या वाजवत होती. दादाचा काँप्लेक्स अजून दादाच्या मोबाइलमध्येच आहे, कारण मोकळ्या झालेल्या जागेतली निम्मी पुलाच्या उताराला लागते असं पुढे कोणाच्या तरी निदर्शनास आलं.

मावशीची गोष्ट मात्र आमच्या घराण्यात चांगली रुळली. लग्नकार्यात दादा ती रंगवून सांगतो. काच फुटली की मावशी नवी लावे, गुळाच्या पाण्याने! लोक पोट धरून हसतात. मीही हसले आहे, एकदा नव्हे, तीन-चार वेळा. एकदा तर दादा गुळाचं विसरला, त्याची मी आठवण करून दिली. हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला म्हणतात, ते माझ्यासारखीलाच पाहून म्हटलं असेल.

मला कळलं नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. मी कपबशीबद्दल बोलले होते, काचेबद्दल नव्हे. पण ओला चुना माझ्या बोटाला लागला होता. कित्येक आठवड्यांपूर्वी चिकटवलेली पट्टी त्या दिवशी ओली का, हे कोडं पाचवीतल्या पोरीने सोडवलं असतं. मी सोडवलं नाही, कारण उत्तर मला नको होतं. मी शाब्बास म्हणाले.

यंदाच्या उन्हाळ्यात मी अमरावतीला गेले ते फक्त तिला भेटायला. पुलाचे खांब झाले आहेत, वरचं छत अर्धंच आलं आहे. एका खांबाच्या सावलीत ती आणि आणखी तीन बाया बसल्या होत्या. बाकीच्या सोडून गेल्या. कोणी धुणीभांडी धरली, कोणी गावाकडे गेली. खांबाची सावली फिरेल तशी त्या चौघी पोती ओढत फिरत होत्या. अकरा वाजले होते आणि शेवंतीच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. मावशी त्या पाकळ्या खुडून टाकत होती आणि उरलेलं फूल ओवत होती.

मी तिच्यासमोर पोत्यावर बसले. इकडचं तिकडचं बोलले. मग एकदाचं विचारलं, “मावशी, त्या दिवशी तुमी माझं नाव काहून नाई सांगतलं?”

तिने गाठ मारली, दोरा दाताने तोडला.

“सांगतलं असतं तं तुमी हो म्हनलं असतं का, बाई?”

मी पोत्यावरच्या सुकलेल्या पाकळ्या गोळा करू लागले. तिने थोडा वेळ वाट पाहिली. खरंच पाहिली, मला जागा दिली.

“नाई म्हनलं असतं,” मग तीच म्हणाली. “अन् तुमी नाई म्हनलं का मी खोटी. तुमी शिकलेल्या, तुमचंच खरं धरलं असतं साऱ्याइनं. खोटं पडन्यापरीस अडानी पडलेलं बरं. अडानी तं मी हावोच.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, मी उलट काही तरी बोलले असते. ती पुढचा हार ओवायला लागली. मी म्हटलं, आता सांगते मी सगळ्यांना. ती म्हणाली, “आता सांगून काय, बाई? भीत थोडीच उभी राहनार हाये.”

मी उठले. निघताना एक हार घेतला. तिने तो जुन्या सवयीने ओल्या फडक्यात गुंडाळला, वर आणखी पाणी शिंपडलं आणि माझ्या हातात दिला. बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना मी फडकं उघडून पाहिलं, तर हार सुकून गेला होता.